खंडेनवमीला निजलेली मशिनं

७ ऑक्टोबर, शनिवार. परतूर

उद्या सकाळी नऊला पहिला नंबर निघणार. नाचावंसं वाटतंय, म्हणून ही डायरी काढली. पुण्याची नोकरी सोडून आले तेव्हा आई म्हणाली होती, इथं तुझ्या काँप्युटरवर काय पापड वाळवायचे का? आता बघ म्हणावं.

काम असं आहे. आमच्या शेतकरी कंपनीची कापूस खरेदी तीन केंद्रांवर होते: परतूर, आष्टी आणि वाटूर. मुहूर्त दसऱ्याचा. गेल्या साली लोक गाड्या लावून चार-चार दिवस बसले आणि ज्याचा वशिला त्याची गाडी पुढे गेली. यंदा अध्यक्ष द्वारकाबाईंनी ठरवलं की नंबर आधीच द्यायचे. कुठल्याही केंद्रावर घ्या, रांग मात्र एकच. दसऱ्याला सकाळी आठला पूर्ण यादी तिन्ही फाटकांवर लागेल आणि तिच्या क्रमानेच माप होईल.

संचालक भुजंगराव बैठकीत म्हणाले की काँप्युटरच्या भरवशावर रांग सोडणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. द्वारकाबाई साठीच्या आहेत, स्वतः कापूस पिकवतात, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "एका बी माणसाचा नंबर हरपला तर मी खुर्ची सोडते, आन् मंग करा तुमच्या जुन्या रीतीनं." नंतर माझ्याकडे वळून विचारलं, "शीला, ऐकलंस ना?"

ऐकलं, काकू. म्हणून तर झोप नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

एकशे चाळीस नंबर! एकही अडकला नाही. पहिला नंबर आष्टीत निघाला.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आज मुद्दाम वाटूरच्या मशीनची वायर भर गर्दीत उपटली. तिथलं केंद्र सांभाळणारा कल्याण माझा हात धरायलाच धावला. काही झालं नाही. परतूर आणि आष्टी नंबर देत राहिली. पाच मिनिटांनी वायर लावली, वाटूर उठलं, मधले नऊ नंबर इतरांकडून घेतले आणि कामाला लागलं. मला शिट्टी वाजवावीशी वाटली. वाजवलीही.

कल्याणला मग समजावून सांगितलं. तिन्ही मशिनं अख्खी यादी मेमरीत धरून असतात, त्यामुळे विचारल्याबरोबर उत्तर येतं. पण मेमरी वीज असेपर्यंतच. म्हणून नियम असा की नवा नंबर आधी डिस्कवरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहायचा, तीनपैकी दोन मशिनांनी 'लिहिलं' म्हणायचं, आणि मगच तो माणसाला सांगायचा. लॉग लांबत जातो, तो पहिल्यापासून वाचत बसलं तर दिवस जाईल. म्हणून दर पाचशे नोंदींना अख्ख्या यादीचा फोटो काढून डिस्कवर ठेवायचा, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. मशीन पडून उठलं की आधी फोटो बघतं, फोटोनंतरच्या लॉगमधल्या नोंदी एकेक करून चढवतं, आणि यादी होती तशी उभी राहते.

एक गेलं तर दोन आहेत. वीज जाईल, उंदीर वायर कुरतडेल, टॉवर बंद पडेल, विजेचा लोळ येईल, सगळ्याचा विचार केलाय मी. तीनपैकी दोन एकाच वेळी जायला आभाळ कोसळावं लागेल.

आष्टीचं केंद्र सांभाळणारे कडूबा मामा पण ऐकत होते, कापसाचे नमुने घेऊन आले होते. पस्तीस वर्षं मापाडी आहेत. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "म्हंजी लिहिल्याबिगर बोलत न्हाई म्हणा." आणि गेले. शाबासकीचा एक शब्द द्यायला काय जातं या माणसाचं?

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

पाचशेवा नंबर झाला आणि पहिला फोटो निघाला. कल्याणने चांगला प्रश्न काढला. फोटो काढताना रांग थांबवतेस का? नाही थांबवत. मग फोटोत अर्धी यादी जुनी आणि अर्धी नवी यायची की. येतेच. लग्नातल्या घोळक्याच्या फोटोत कुणी हललेलं असतं, कुणी मधेच येऊन उभं राहतं, तसंच. नुसत्या फोटोवर विसंबायचं नसतं. फोटो सुरू झाला तेव्हापासूनचा लॉग त्याच्यावर पुन्हा चढवला की सगळं जागेवर येतं. काही नोंदी दोनदा चढतात, पण ४०१ ला जिजाबाई असं दोनदा लिहिलं तरी ४०१ ला जिजाबाईच राहतात.

कल्याण म्हणाला, तू मास्तरीण का नाही झालीस? दोन्ही आजे मास्तर होते, घरात तेवढं पुरे.

१६ ऑक्टोबर, सोमवार

कडूबा मामांचं काही खरं नाही. आष्टीला गेले तर मशीनवर त्यांचं स्वतःचं उपरणं झाकलेलं. धूळ बसू नये म्हणून, असं म्हणतात. बघायला लागू नये म्हणूनच असणार. नंबर सांगण्याआधी दर वेळी पडद्याला बोट लावून खात्री करतात, मगच माणसाला आकडा सांगतात. इतका अविश्वास! दिवसातून चारदा मला फोन करून विचारतात, बाकीची दोन चालू हायेत ना. हो म्हटलं की ठेवून देतात. जुन्या माणसांना यंत्र पटत नाही, चालायचंच.

घरी घटाची गडबड नसते आमच्या, पण विहाराच्या रंगरंगोटीची आहे. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन. आई विचारते, त्या दिवशी तरी येशील ना? यादी लागली की आलेच.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

हजार पार! पेढे वाटले.

आणखी एक मोठं काम केलं. कंपनीची मशिनं जुनी, डिस्क लहान. लॉगसाठी आधीच बरीच जागा अडवून ठेवावी लागते, त्यामुळे परतूरची डिस्क भरत आली होती. जुन्या फाइली काढायची तयार सोय असते, पण मला माझी लिहायची हौस. दुपारी स्नॅपशॉट निघाला तो १००३ चा. फोटो निघेपर्यंत दोन-तीन माणसं आलीच. लॉगच्या प्रत्येक फाइलीला तिच्यातल्या पहिल्या नोंदीचा आकडा हेच नाव असतं. मग हिशेब सोपा: ज्या फाइलीचं नाव १००३ पेक्षा लहान, ती जुनी, काढून टाका. सगळ्यांत शेवटची १००१ होती, तीही उडवली. जुने फोटोही काढले. परतूर आरशासारखं लख्ख झालं. लगेच वाटूरला जाऊन तिथलंही केलं. दोन्ही मशिनं झकास चालू आहेत, नंबर निघतायत. उद्या आष्टी.

मी हुशार आहे, हे डायरीत लिहायला हरकत नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

आष्टीहून हात हलवत परत आले. बाहेरून मशीनमध्ये शिरता येऊ नये अशी व्यवस्था मीच केलीय, त्यामुळे समोर बसावंच लागतं. गेले तर दारापर्यंत रांग. चतुराबाई म्हणून एक बटईने रान करणारी बाई पुढे होती, कडेवर नात. मी म्हटलं, मामा, दहा मिनिटं मशीन द्या, साफ करते. कडूबा मामा उठलेच नाहीत.

"माणूस उभं असताना मापाला हात लावत न्हाईत, मॅडम. सांच्याला या."

हे माप नाही हो, म्हटलं. ते चतुराबाईंचं नाव विचारत राहिले. त्यांना ११२२ दिला. पडद्याला बोट लावून, अर्थातच. शेवटची बस साडेपाचला, रांग सरेना. तणतणत निघाले. जाऊ दे, राहू दे आष्टीची डिस्क घाण. मामांना घाणच आवडते.

२२ ऑक्टोबर, रविवार

नोंदणी संध्याकाळी सहाला बंद. शेवटचा नंबर १३३८. परवा आठला यादी लागणार. भुजंगराव येऊन मशीनकडे बघून गेले. द्वारकाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. उद्या करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून विहारात मदतीला जाते.

२३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी

आधी लिहून काढते. लिहिलं की डोकं ताळ्यावर येईल.

साडेदहाला विहारात पताका बांधत होते. मोबाइलवर सूचना आली: आष्टी बंद. म्हटलं, असेल वीज गेली. दोन आहेत. पाच मिनिटांनी वाटूर बंद. शिडीवरून खाली उतरेपर्यंत परतूर बंद. तिन्ही. आभाळ तर निरभ्र.

चपला हातात घेऊन पळत केंद्रावर आले. द्वारकाबाई नवं लुगडं नेसून बसलेल्या. वजनकाटा धुऊन त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार. शेजारी माझं मशीन, बंद, त्यालाही हार.

आज खंडेनवमी.

हत्यारांची पूजा. विळे, कुऱ्हाडी, काटे, ट्रॅक्टर, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं धुवायचं, पुजायचं आणि एक दिवस निजवायचं. कडूबा मामांनी सकाळी दोन्ही केंद्रांना फोन करून मुहूर्त कळवला होता. तिन्ही एकाच वेळेला निजवा म्हणाले, एक जागं आणि दोन निजलेली बरं नाही. आमच्या घरात हा सण नाही. माझ्या डोक्यात तो आलाच नाही. उंदीर आला, वीज आली, खंडेनवमी नाही आली.

तरी म्हटलं, घाबरायचं कारण नाही. मेमरी गेली तर गेली, फोटो आणि लॉग कशासाठी असतात? परतूर चालू केलं. एकट्याने ते नंबर देत नाही, जोडीदाराची वाट बघतं, पण डिस्कवर काय आहे ते दिसतं. यादी १००३ वर संपली.

दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग कळलं मी शुक्रवारी काय केलंय. फोटो काढायला लागल्याबरोबर मशीनने नवी फाइल सुरू केली होती, पहिली नोंद १००१, म्हणून नाव १००१. फोटो पुरा होईपर्यंत आकडा १००३ वर गेला. मी नाव लहान बघून ती जुनी समजले. ती जुनी नव्हती, तीच चालू होती. पुढचे सगळे नंबर तिच्यातच लिहिले जात होते. नाव पुसलं तरी मशीन तीन दिवस त्याच बिननावाच्या फाइलीत लिहीत राहिलं, म्हणून काही जाणवलं नाही. मशीन बंद झालं आणि फाइल कायमची गेली. वाटूरलाही तेच. तीनशे पस्तीस माणसं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आष्टी. आष्टीला मी हात लावला नव्हता! तिथे लॉग असणार.

आणि त्याच क्षणी दुसरं आठवलं. कल्याणला मी येताना फोन केला होता, वाटूर चालू कर म्हणून. परतूर आणि वाटूर दोघं उठली असती तर तीनपैकी दोन झाली असती. दोघांचं बहुमत. दोघं १००३ लाच खरं मानली असती आणि आष्टी उठल्यावर तिला सांगितलं असतं, तुझं जास्तीचं पुसून टाक. तिनेही मुकाट्याने पुसलं असतं. नियमच तसा आहे.

कल्याणचा फोन तीनदा व्यस्त. मी परतूरची वायर ओढून काढली. चौथ्यांदा लागला. म्हणाला, हाताशीच हाय, आता बटन दाबतोच. मी म्हटलं हात मागे घे. त्याने का म्हणून विचारलं नाही, घेतला.

२३ ऑक्टोबर. संध्याकाळी

द्वारकाबाईंना सगळं सांगितलं. चूक खंडेनवमीची नाही, माझी आहे, असं सांगितलं. पूजेनं काही बिघडलं नसतं. मशिनं निजून उठली असती आणि यादी जागेवर असती, मीच तिच्याखालची चटई ओढली. बोलताना रडले.

भुजंगराव तिथेच होते. त्यांनी वाट सुचवली. हजार तीन नंबरांची यादी लावा, पुढचे उद्या येतील तसे घ्या. कुणाला काय कळतंय, मशीन म्हणालं एवढंच सांगायचं. फार समजूतदार आवाजात बोलले. येतील तसे म्हणजे कोण आधी येणार ते सगळ्यांना माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर एक क्षणभर मलाही ते बरं वाटलं होतं. कुणाला काय कळतंय. डायरीत खोटं कशाला लिहू?

द्वारकाबाईंनी मला विचारलं, "ते नंबर आष्टीत हायेत का न्हाईत?"

"असतील, काकू."

"असतील का हायेत?"

"मशीन उठल्याशिवाय सांगता येत नाही."

त्यांनी कडूबा मामांना फोन लावून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मामा, मी आत्ता येते, मशीन चालू करू. ते म्हणाले, "आज हत्यार निजलंय. उद्या उजाडल्यावर उठवू." मी विनवलं. नाही म्हणाले. मग भीत भीत विचारलं, पूजेच्या आधी काय काय धुतलं?

"समदं धुतलं," ते म्हणाले. "बराबर धुतलं."

फोन ठेवून मी खालीच बसले. द्वारकाबाई म्हणाल्या की त्या कडूबांना हुकूम करू शकतात, पण करणार नाहीत. यादी उद्या आठला लावायची आहे, आज नव्हे. त्यांनी भुजंगरावांना उद्या सकाळी या म्हणून सांगितलं आणि मला घरी पाठवलं. खुर्ची त्यांची जायची आहे आणि धीर मला त्या देतायत. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आईने ताट वाढलंय. जेवण जाणार नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. विजयादशमी

विहारात जायचं म्हणून पांढरी साडी नेसूनच सहाच्या बसने निघाले. साडेसहाला आष्टी. फाटकाशी तीस-चाळीस माणसं आधीच उभी होती, चतुराबाई पण. त्यांनी आपला ११२२ नंबर सांगून विचारलं, माझं नाव किती वाजता लागंल? आठला, म्हटलं. तोंडातून कसं निघालं कुणास ठाऊक.

आतलं सगळं ओलं, चकाचक. काट्याच्या साखळ्या चिंच लावून घासलेल्या. पारडी, लोखंडी आकडे, गोण्या शिवायचे दाभण, सगळ्यांना हळदकुंकू. मशीन कोपऱ्यात उपरण्याखाली होतं. उपरणं काढलं. बोट फिरवलं. कोरडं होतं. कोरडं ठणठणीत! कडूबा मामा म्हणाले की त्याला पाणी लावायचं नसतं एवढं त्यांना कळतं, कोरड्या फडक्यानं पुसलं.

क्रम मी रात्रभर घोकला होता. आधी आष्टी. मग परतूर. दोघांमध्ये ज्याच्याकडे शेवटची नोंद पुढची, तो म्होरक्या होतो आणि दुसऱ्याला उरलेलं देतो. मग वाटूर. आधी आष्टी आणि आष्टीच.

मी बटणाकडे हात नेला आणि थांबले. मामांना म्हटलं, तुम्ही उठवा. त्यांनी टोपी नीट केली, मशीनला हात जोडले, बटण दाबलं.

पंखा फिरला. फोटो वाचला: १००३. मग लॉग. आकडा सरकायला लागला. १०४०. ११००. चतुराबाईंच्या ११२२ वरून पुढे गेला तेव्हा मी मामांचा दंड घट्ट धरला होता, ते मला नंतर कळलं. १२००. १३००. १३३८.

तिथे थांबला. १३३८!

द्वारकाबाईंना फोन केला, परतूर चालू करा. केलं. अर्ध्या मिनिटात तिथे १३३८. कल्याणला फोन केला, दाब आता. वाटूरलाही १३३८. द्वारकाबाईंनी एवढंच विचारलं, "हायेत?" मी म्हटलं, "हायेत, काकू." पलीकडे कुणाशी तरी बोलल्याचा आवाज आला, भुजंगराव, या, यादी लावायला हात लावा.

मग मामांना खरं काय झालं होतं ते सांगितलं. शनिवारी त्यांनी मला मशीनला हात लावू दिला असता तर आज काहीच उरलं नसतं, हेही सांगितलं. तुम्हाला हे मशीन आवडत नाही असं मी समजत होते, म्हटलं. ते चक्रावले. न आवडायला काय झालं, म्हणाले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणाला मागं ढकलावं लागलं नव्हतं. या पंधरा दिवसांत कुणी त्यांना शिवी दिली नव्हती.

यादीचे कागद निघत होते. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. खोलीतल्या एकूण एक वस्तूला कुंकवाची बोटं होती, दाभणाला सुद्धा. फक्त मशीनला नव्हती. त्याच्यावर झेंडूचं एक फूल होतं, बस. परतूरला तर हळदकुंकू सगळं होतं. विचारलं, मामा, याला कुंकू लावायचं राहिलं का?

"राह्यलं न्हाई, ताई. ते तुमच्या हातचं हाय. तुमच्यात चालत न्हाई म्हणून नुसतं फूल ठेवलं." मग माझ्या साडीकडे बघून म्हणाले, "आज तुमचा बी मोठा दिवस हाय ना? इथलं मी बघतो, तुमी जावा."

मला त्यांची खंडेनवमी आठवली नव्हती. त्यांना माझं सगळं आठवत होतं.

कागद घेऊन फाटकावर गेले आणि पहिलं नाव वाचलं. रांगेतून कुणीतरी ओरडलं, ऐकू येत न्हाई, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं.